मोर्चात आलेले आणि घरी राहिलेले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणात एखाद्या प्रकल्पाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले की वर्तमानपत्रांतून, वाहिन्यांवरून आणि पुढाऱ्यांच्या भाषणांतून दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. एक बाजू सांगते की ही मातीवर जीव लावणारी भोळी माणसे आहेत आणि पैशाचा विचार त्यांच्या मनालाही शिवत नाही. दुसरी बाजू सांगते की ही माणसे आणलेली आहेत, त्यांना कुणीतरी फूस लावली आहे, किंवा जमिनीचा भाव वाढवून मिळावा म्हणून हा सगळा खटाटोप चालला आहे. राजापूर तालुक्यात शिक्षिका म्हणून माझी सारी नोकरी झाली आणि मोर्चाला गेलेल्या घरांतली, न गेलेल्या घरांतली आणि प्रकल्प हवा म्हणणाऱ्या घरांतली मुले माझ्यासमोर एकाच वर्गात बसली. त्या अनुभवावरून मला ठामपणे वाटते की या दोन्ही सांगण्यांनी आमच्या माणसांवर अन्याय होतो, आणि पुढे शासनाचे निर्णय चुकतात तेही याच अर्धवट समजुतीपायी.

आधी हे पाहू की आंदोलनात उतरणाऱ्याला त्याची किंमत काय पडते. आमच्या तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणासाठी पोलीस बंदोबस्तात यंत्रे आली ती २०२३ च्या एप्रिल महिन्यात. जमावबंदीचा आदेश होता, उन्हाने कातळ तापलेला होता, आणि तरीही बायका पोलिसांच्या गाड्यांपुढे रस्त्यावर आडव्या झाल्या. ही दृश्ये सर्वांनी पाहिली. त्या दिवसांत कोकणातल्या घरात काय चाललेले असते, याचा विचार मात्र फारसा कुणी केला नाही. एप्रिल म्हणजे हापूसचा ऐन भर. आंबा वेळेवर उतरवावा लागतो, अढी लावावी लागते, पेट्या भरून वाशीची गाडी गाठावी लागते. चार दिवस हयगय झाली तर फळ झाडाखाली पडून वाया जाते. काजूची बी वेचायची असते, भाताच्या रोपांसाठी भाजावळ करायची असते, पावसाळ्याचा लाकूडफाटा आत घ्यायचा असतो. ज्या घराचे वर्षाचे रोख उत्पन्न या दोन महिन्यांत येते, त्या घरातले माणूस दिवसचे दिवस सड्यावर जाऊन बसते, तेव्हा ते काय सोडून आले आहे याचा हिशेब त्याच्याविषयी बोलणाऱ्याने आधी मांडायला हवा. भाड्याने आणलेल्या माणसाचे उलटे असते. आल्याने त्याची मजुरी बुडत नाही, उलट हातात पडते. निवडणुकीच्या सभांना अशी गर्दी गाड्या भरून जमवली जाते, हे मला ठाऊक आहे आणि ते मी नाकारत नाही. म्हणूनच हा फरक ओळखायला हवा, आणि तो ओळखायला फार संशोधन लागत नाही. त्या दिवशी आलेल्याचे नुकसान झाले की फायदा झाला, एवढे विचारले तरी पुरते.

यातूनच एक खरा प्रश्न निघतो. प्रकल्प रद्द झाला तर त्याचा लाभ सगळ्या गावाला होणार आहे, घरी बसलेल्यालाही होणार आहे. मग एखाद्याने आपला आंबा सोडून उन्हात का बसावे? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मन्सूर ओल्सन यांनी १९६५ साली हाच मुद्दा मांडला. सर्वांच्या हिताची गोष्ट असली तरी प्रत्येक जण आपापला हिशेब करून दुसऱ्यावर विसंबतो, आणि ज्याला त्यात भाग घेतल्याचा वेगळा, स्वतःपुरता लाभ मिळतो किंवा न घेतल्याचा तोटा सोसावा लागतो तोच पुढे येतो, असे त्यांचे सांगणे होते. या सांगण्यात तथ्य आहे. पण ते पुरेसे असते तर कोकणच्या इतिहासातले सर्वांत मोठे शेतकरी आंदोलन झालेच नसते.

अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. आसपासची पंचवीस गावे त्यात उतरली आणि संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे शेत पेरायचे नाही, म्हणजे कुळाच्या घरात भात येणार नाही. लाकडे तोडून, मिळेल ती मजुरी करून लोकांनी ते दिवस काढले. ओल्सन यांच्या हिशेबाने पाहिले तर यातल्या प्रत्येक कुळाला फुटण्याचा मोह होता, कारण एकट्याने जाऊन खोताशी जमवून घेतले असते तर त्याला चांगली जमीन मिळाली असती आणि संप जिंकल्यावरचा लाभही चुकला नसता. तरीही संप टिकला. खोताने उत्पन्नाचा मोठा वाटा घ्यावा, वर वेठ घ्यावी आणि कुळाच्या हाती कसलाही लेखी हक्क असू नये, ही गोष्ट तोट्याची होतीच. पण त्याहून ती अपमानाची होती, आणि अपमान सहन करायचा नाही हे एकदा वाडीने मिळून ठरवल्यावर फुटणाऱ्याला वाडीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३९ च्या कायद्याने संरक्षित कुळाची कल्पना आली, त्यामागे या उपाशी सहा वर्षांचे बळ होते. इथे स्वार्थ कुठे संपला आणि स्वाभिमान कुठे सुरू झाला, याची रेघ कुणाला मारता येईल असे मला वाटत नाही.

वाडीने मिळून ठरवणे ही गोष्ट मला थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण बाहेरून येणाऱ्या बातमीदाराला ती दिसत नाही आणि आम्हाला ती इतकी सवयीची असते की सांगावीशी वाटत नाही. आमच्याकडे पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, दुरुस्त करायची असो, विहिरीचा गाळ काढायचा असो की शिमग्यात पालखी नाचवायची असो, देवळात बैठक होते आणि ‘घरटी एक माणूस’ असे ठरते. एका वहीत घरांची नावे असतात. ज्याच्या घरचे माणूस आले त्याच्या नावापुढे खूण होते. ज्याच्या घरी कुणी आजारी आहे त्याला सूट मिळते. जो कारण नसताना आला नाही त्याला गावकी दंड लावते. आंदोलनाच्या काळात मी हीच वही, हाच हिशेब पाहिला आहे. ज्या घरातले पुरुष मुंबईला, त्या घरातली सासू सड्यावर जात असे आणि सून गुरे, पोरे आणि चूल सांभाळत असे. दुसऱ्या दिवशी दोघींची पाळी बदलत असे. जिच्या गुडघ्यांना चढ झेपत नव्हता तिने सड्यावरच्या सगळ्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या भाजून द्यायच्या, आणि तिच्या घराच्या नावापुढेही खूण व्हायची. याला कुणी ‘आणलेली माणसे’ म्हटले तर एका अर्थाने ते खरे आहे, त्यांना त्यांच्या गावाने आणले होते.

या वहीची दुसरी बाजू लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गावकीचा दंड आणि गावकीचा धाक यांत फार अंतर नसते, आणि वाळीत टाकण्याच्या प्रथेने आमच्या कोकणात, विशेषतः रायगड जिल्ह्यात, कितीतरी कुटुंबांचे आयुष्य उद्ध्वस्त केले आहे. याच अनुभवातून राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. विधिमंडळाने तो २०१६ मध्ये मंजूर केला आणि २०१७ पासून तो अमलात आला. एखाद्या घराला प्रकल्प हवा असेल तर त्या घराशी बोलणे बंद करणे, त्यांच्या घरी पालखी न नेणे, लग्नाला न जाणे, असले प्रकार आंदोलनाच्या नावाखाली झाले तर मी त्यांचा निषेधच करीन, मग आंदोलन कितीही न्यायाचे असो. जे मूल्य राखण्यासाठी गाव उभे राहते, त्यातच शेजाऱ्याचे मत मानणेही येते.

तरीही धाक हेच लोक एकत्र येण्याचे मुख्य कारण असते, हे मला पटत नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात १९६४ च्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करण्यासाठी उत्तरेतून शेकडो तरुण स्वयंसेवक गेले होते. काम जिवावर बेतणारे होते, आणि सुरुवातीलाच तीन कार्यकर्त्यांचे खून झाले. या मोहिमेसाठी आलेले अर्ज डग मॅकअॅडम या समाजशास्त्रज्ञाने पुढे अभ्यासले, तेव्हा असे दिसले की जे गेले आणि ज्यांनी अर्ज करूनही आयत्या वेळी माघार घेतली, त्यांच्या विचारांत सांगण्याजोगा फरक नव्हता. दोघांनाही तीच तळमळ होती. फरक होता तो ओळखींचा. ज्याचे जवळचे मित्र निघाले होते तो निघाला. ज्याचे कुणी जवळचे जात नव्हते तो घरी राहिला. मला हे वाचून आश्चर्य वाटले नाही. विचार माणसाला घराच्या उंबऱ्यापर्यंत आणतो, आणि पुढचे पाऊल शेजारीण बाहेर उभी असली की पडते.

आता मोबदल्याविषयी, कारण ‘शेवटी पैसे घेतलेच ना’ हे वाक्य आमच्या तोंडावर फार वेळा मारले जाते. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली परिसरातली ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली. सुरुवातीला बहुतेक खातेदारांनी धनादेश नाकारले. पुढे २०१३ मध्ये हेक्टरी साडेबावीस लाखांचा वाढीव दर जाहीर झाल्यावर अनेकांनी ते स्वीकारले, आणि लगेच निष्कर्ष निघाला की विरोध दरासाठीच होता. असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एक साधी गोष्ट दुर्लक्षिली की जमीन तोवर कायद्याने गेलेलीच होती. धनादेश नाकारल्याने सातबारा परत नावावर होणार नव्हता. घरात मुलीचे लग्न असेल, आजारपण असेल, हिस्सेदार भांडत असतील, तर गेलेल्या जमिनीचे पैसे घेणारा माणूस आपले मत विकतो असे म्हणायला मन धजावत नाही. त्याच वेळी शेजारच्या साखरीनाट्याच्या मच्छीमारांकडे पाहा. त्यांची जमीन जात नव्हती, म्हणून जमिनीच्या मोबदल्याच्या हिशेबात ते बसतच नव्हते. त्यांचे शेत म्हणजे समुद्र, आणि समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा बळी गेला, त्याच्या महिनाभर आधी जपानमध्ये फुकुशिमाचा अपघात झाला होता. कुणाचा विरोध किती काळ टिकला, यात लाभहानीचा वाटा निश्चित आहे. ज्याला भरपाई देऊ केली गेली आणि ज्याला काहीच देऊ केले गेले नाही, त्या दोघांची वाट सारखी राहणार नाही. पण ही वाट आंदोलकाच्या लोभाने ठरलेली नाही. नुकसान कुणाचे मोजायचे आणि कुणाचे नाही, हे शासनाने ज्या रीतीने ठरवले तिने ती ठरली आहे.

आणि पैशाचा काडीचा संबंध नसलेली आंदोलनेही आम्ही पाहिली आहेत. जून २०२१ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून उरण, पनवेल, ठाणे भागातल्या हजारो भूमिपुत्रांनी १० जूनला मानवी साखळी केली आणि २४ जूनला नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोला घेराव घातला. करोनाचे दिवस होते, गुन्हे दाखल होण्याची भीती होती, आणि नाव दिले गेले तरी कुणाच्या खात्यात एक रुपया येणार नव्हता. मग लोक का आले? कारण जानेवारी १९८४ मध्ये जासईला आणि नंतर पागोटे परिसरात नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या लढ्यात याच भागातल्या पाच शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या होत्या, दि. बां.नी त्या लढ्याचे नेतृत्व केले होते, आणि त्या लढ्यातूनच पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचे धोरण आले. साडेबारा टक्क्यांचा लाभ हातात पडून वर्षे झाली होती. म्हणजे जो लढा एका पिढीने पोटासाठी लढला, तोच पुढच्या पिढीसाठी अभिमानाचा विषय झाला आणि त्या अभिमानासाठी तिने पुन्हा रस्ता धरला. लाभ आणि मूल्य या दोन वेगळ्या पेट्या नाहीत, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल?

प्रकल्प हवा म्हणणाऱ्यांविषयीही दोन शब्द लिहायलाच हवेत. त्यांना ‘दलाल’ म्हणून झटकून टाकण्याची सवय आमच्याकडच्या विरोधकांना लागली आहे आणि ती मला अत्यंत चुकीची वाटते. जमिनीचे सौदे करून मोठे झालेले लोक आहेत, ते वेगळे. पण ज्या बापाचे दोन्ही मुलगे बारावी होताच मुंबईला गेले आणि गणपतीचे पाच दिवस सोडले तर जो घराला कुलूप नको म्हणून एकटा राहतो, त्याला गावात कारखाना यावा असे वाटत असेल तर त्याचीही ती एक श्रद्धाच आहे. घर जागते राहावे, ही इच्छा सड्याचे झरे वाचावेत या इच्छेहून हीन नाही. आयटीआय करून बसलेल्या मुलाची नोकरीची आशाही तशीच. त्यांच्याशी वाद घालता येतो, आणि किती कायमच्या नोकऱ्या, कुणाला, किती शिक्षणावर, असे प्रश्न त्यांच्यासाठीच विचारता येतात. त्यांची लायकी काढून काही साधत नाही.

सर्वांत मोठा वर्ग मात्र तिसराच असतो. तो घरी राहतो, आणि त्याच्याविषयी कुणीच काही लिहीत नाही. मोर्चाला पाचशे माणसे आली की शासन म्हणते, तालुक्यातल्या उरलेल्या लाखभर लोकांचा विरोध नाही. हे गणित मला नेहमी अस्वस्थ करते. माझ्याकडे शिकलेला एक मुलगा मर्चंट नेव्हीत जाण्याची तयारी करत होता. सड्यावर येण्याची त्याची फार इच्छा होती, पण त्याच्या आईने त्याला अक्षरशः दारात अडवले, कारण एक गुन्हा नोंदवला गेला की पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला अडकतो, पासपोर्ट अडकतो, भरती अडकते. मुलाऐवजी ती स्वतः गेली. आंदोलनात बायका आणि म्हातारी माणसे पुढे का असतात, याची कारणे पुष्कळ सांगितली जातात. बायकांना पाण्याची आणि जळणाची झळ आधी लागते हे खरेच आहे. पण तरुण मुलांचे पुढचे आयुष्य खटल्यात अडकू नये म्हणून आया आणि आज्या पुढे होतात, हे कारण मी अनेक घरांत पाहिले आहे. आंदोलकांना नोटिसा जातात, तालुक्यात येण्यास मनाई होते, तारखांना जावे लागते, वकिलाची फी द्यावी लागते. म्हणून तर प्रत्येक आंदोलनाच्या मागण्यांत ‘गुन्हे मागे घ्या’ ही मागणी असतेच. शासन एका हाताने सहभागाची किंमत वाढवत नेते आणि दुसऱ्या हाताने सहभागी लोक मोजून ‘विरोध थोड्यांचाच आहे’ असे सांगते.

आपल्यासारख्या वृत्तपत्रांकडून मला म्हणूनच एक अपेक्षा आहे. आंदोलनाची बातमी देताना ‘यांना कुणी आणले’ हा प्रश्न जरूर विचारावा, पण त्याबरोबर त्या दिवशी त्यांची किती मजुरी बुडाली, होडी किनाऱ्यावर राहिली का, कुणाच्या नावे नोटीस आहे, घरून कोण येऊ शकले नाही आणि का, हेही विचारावे. जो आला नाही त्याच्याही दारात जावे. प्रकल्पाच्या बाजूने बोलणाऱ्याच्या दारात तर नक्कीच जावे.

शासनाला खरोखरच लोकांचे मत हवे असेल तर ते रस्त्यावर मोजण्याची गरज नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत महामुंबई सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, जमिनीविषयी शेतकऱ्यांना कागदावर कौल नोंदवायला बोलावले गेले होते. उन्हात बसण्याची, लाठी खाण्याची, गुन्हा अंगावर घेण्याची वेळ त्या दिवशी कुणावर आली नाही, आणि बहुसंख्य कौल विरोधात गेल्याचे तेव्हाच्या बातम्यांतून सर्वांना कळले. याहून चांगली व्यवस्था आपल्या राज्यात आधीपासून आहे. गावातले दारूचे दुकान बंद करायचे की नाही, हे ठरवताना बायका गुप्त मतदान करतात, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या खुणेला, पडली की दुकान बंद करावे लागते. त्या पेटीत मत टाकताना नवरा पाहत नाही, दुकानदार पाहत नाही, गावकीची वही पाहत नाही. ज्या गावाची जमीन, पाणी आणि किनारा कायमचा बदलणार आहे, त्या गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला, जमीन नावावर असलेल्याला आणि नसलेल्याला, बागायतदाराला आणि होडीवरच्या खलाशाला, असे एक गुप्त मत देण्याचा अधिकार प्रकल्पाची अधिसूचना निघण्याआधी मिळावा, ही मागणी आपण आपल्या संपादकीयातून लावून धरावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी